'बेनिफिट' म्हणजे नेमकं काय: उपकार, फायदा की हक्क?

लाडक्या बहिणीचा हप्ता जमा झाला की बातमीत 'लाभार्थी' येतात. आरोपी सुटला की कोर्टाच्या बातमीत 'संशयाचा फायदा' येतो. आणि मराठी बायबलातल्या एकशे तिसऱ्या स्तोत्रात भक्त स्वतःच्याच जिवाला बजावतो की परमेश्वराचे उपकार विसरू नकोस. लाभ, फायदा, उपकार. मराठीत या तिघांचा मुक्काम वेगवेगळ्या ठिकाणी आहे. 'उपकार' म्हटलं की मान आपोआप खाली जाते, 'फायदा' म्हटलं की हिशेब सुरू होतो आणि 'लाभ' हा पंचांगात किंवा सरकारी परिपत्रकात भेटतो. इंग्रजीत मात्र या तिन्ही जागी एकच शब्द बसलेला आहे: बेनिफिट.

सध्या रोखीच्या योजनांवर जो वाद रंगतो (ही रेवडी आहे की हक्क, घेणाऱ्याने उपकार मानायचे की जाब विचारायचा) तो या शब्दाच्या पोटात कित्येक शतकं चालू आहे. त्यावरून कोर्टकज्जे झाले आणि एकदा तर भर दरबारात तलवार उपसली गेली.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये 'बेने' म्हणजे चांगलं आणि 'फाक्तुम' म्हणजे केलेलं. चांगलं केलेलं काम, सत्कृत्य. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्लंडात पोचला आणि चौदाव्या शतकाच्या इंग्रजीत 'बेनफेट' या रूपात रुळला. तेव्हा त्याचा मुख्य अर्थ होता कुणी आपल्यावर केलेली कृपा, मदत, भलाई. देवाने माणसावर केलेली, धन्याने चाकरावर केलेली, शेजाऱ्याने शेजाऱ्यावर केलेली. त्यातूनच पुढे 'त्या भलाईतून आपल्या पदरात जे पडलं ते', म्हणजे लाभ, हा अर्थ निघाला. नंतरच्या विद्वानांनी लॅटिनशी नातं ठळक दिसावं म्हणून स्पेलिंग बदललं आणि आजचं 'बेनिफिट' तयार झालं. जुना अर्थ मात्र सरला नाही, नव्याच्या शेजारी तसाच बसून राहिला.

देणं आणि फायदा एकाच शब्दात कसे मावतात?

इथे पहिली शंका येते. कृपा निःस्वार्थ असते, फायदा स्वार्थाचा. मग दोन्ही एका शब्दात कसे?

आपल्याकडचा लग्नातला आहेर आठवा. पाकिटावर 'सप्रेम भेट' लिहिलेलं असतं आणि रात्री कुणीतरी वही घेऊन बसतं: अमक्याचे पाचशे एक, तमक्याची कुकरची पेटी. प्रेम खोटं नसतं आणि वहीही खोटी नसते. देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ती भेट, घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर आवक, आणि काही वर्षांनी त्यांच्या घरी कार्य निघालं की तीच भेट म्हणजे देणं. वस्तू एकच, तिला नाव काय पडतं ते बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. 'बेनफेट'चंही तसंच आहे.

पहिल्या शतकातल्या रोममध्ये सेनेका नावाच्या तत्त्वज्ञाने याच विषयावर सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की खरा उपकार त्या दिलेल्या वस्तूत नसतोच, तो देणाऱ्याच्या मनात असतो. उपकाराचा हिशेब अगदी सोपा ठेवावा: गेलेलं तेवढं मांडावं, परत आलं तर कमाई, नाही आलं तर नुकसान नाही. सांगायला छान आहे. सेनेका स्वतः अतोनात श्रीमंत होता आणि नीरो बादशहाच्या दरबारात वावरत होता, त्यामुळे देण्याघेण्याची वही कशी चालते हे त्याला आतून ठाऊक असणार. सात भाग लिहावे लागले यातच बरंच काही आलं.

अंगठ्याखालचा तुकडा

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम लँगलंड या इंग्रज कवीने 'पिअर्स प्लाऊमन' हे दीर्घकाव्य लिहिलं. त्यात सात पापं माणसाच्या रूपात येतात आणि एकेक करून आपले गुन्हे कबूल करतात. आळस जेव्हा बोलायला उभा राहतो तेव्हा त्याच्या तोंडी हा शब्द येतो. तो म्हणतो, कुणी माझ्यावर बेनफेट केला, अडीनडीला धावून आला, तरी मी त्याच्याशी कृतघ्नपणे वागतो, मला तो कळतच नाही. शेजाऱ्याने मागे दाखवलेली माया मी साठ वेळा विसरलो आहे.

याच ओघात तो आणखी एक गोष्ट सांगून जातो: माझा स्वभाव थोडा ससाण्यासारखा आहे. प्रेमाने बोलावलं तर मी येत नाही, अंगठ्याखाली काहीतरी असेल तरच येतो.

शिकारी ससाणा पाळणारे लोक हातमोजावर अंगठ्याखाली मांसाचा छोटा तुकडा दाबून धरत. तो दिसला की पक्षी आभाळातून मुठीवर उतरे. म्हणजे बेनफेटचा अर्थ अजून 'भलाई' असा असतानाच, अवघ्या काही ओळींच्या अंतरावर कवीने हा तुकडा ठेवून दिला आहे. पक्षी मायेने परतला की भुकेने, हे बाहेरून बघणाऱ्याला सांगता येत नाही. निवडणुकीच्या तोंडावर जाहीर झालेल्या योजनांबद्दल आपण हाच प्रश्न उलट बाजूने विचारतो: मूठ पुढे केली ती मायेने की पक्षी हवा म्हणून?

एका शब्दावरून तलवार

आता थोडं मागे, ऑक्टोबर ११५७ मध्ये जाऊ. जागा बेझाँसोन, आज फ्रान्समध्ये असलेलं शहर. तिथे सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा दरबार भरला होता. पोप होते चौथे एड्रियन, मूळ नाव निकोलस ब्रेकस्पिअर. आजवरच्या पोपांमधले हे एकमेव इंग्रज. लुंडच्या आर्चबिशपला सम्राटाच्या मुलखात लुटून डांबून ठेवलं होतं आणि सम्राट ढिम्म होता, म्हणून पोपनी तक्रारीचं लॅटिन पत्र देऊन आपले दूत पाठवले होते. पत्रात एक वाक्य होतं: आम्ही तुला सम्राटपदाचा मुकुट दिला, आणि याहून मोठी 'बेनेफिचिया' तुला आमच्या हातून मिळाली असती तरी आम्हाला आनंदच झाला असता.

'बेनेफिचिया' म्हणजे उपकार. पण त्या काळात याच शब्दाला दुसरा पक्का कायदेशीर अर्थही होता: सरदाराने आपल्या मांडलिकाला चाकरीच्या बदल्यात दिलेली जमीन, म्हणजे आपल्याकडच्या जहागिरीच्या जवळपासची गोष्ट. सम्राटाचा चॅन्सेलर, म्हणजे दरबारी कचेरीचा प्रमुख, रायनाल्ट याने दरबारात पत्र जर्मनमध्ये वाचून दाखवताना नेमका हा दुसरा अर्थ घेतला. झालं! सम्राटाचं राज्य ही पोपने दिलेली जहागीर, म्हणजे सम्राट पोपचा मांडलिक? दरबार खवळला. त्यात पोपच्या दूतांपैकी एकाने विचारलं म्हणतात, मग राज्य पोपकडून नाही तर कुणाकडून मिळालं? सम्राटाचा सरदार विटल्सबाखचा ओटो तलवार उपसून धावला, सम्राटाने मध्ये पडून दूतांना वाचवलं आणि त्यांची तडक रवानगी केली.

पुढच्या वर्षी पोपना खुलाशाचं पत्र लिहावं लागलं. त्यात त्यांनी शब्दाची फोड करून दिली: हा शब्द 'चांगलं' आणि 'केलेलं' यांपासून बनला आहे, आमच्याकडे त्याचा अर्थ जहागीर नव्हे, चांगलं काम. प्रकरण तेवढ्यावर मिटलं.

पोपच्या कचेरीला दुसरा अर्थ सुचलाच नव्हता, यावर माझा काही विश्वास बसत नाही. पण मुद्दा वेगळा आहे. सम्राटाला राग मुकुट मिळाल्याचा नव्हता. ज्याच्याकडून घेतलं तो आपला धनी ठरतो, याचा होता.

वाचता येतं? मग फाशी टळली

शब्दाचा 'सवलत' हा अर्थ किती दूर गेला ते पाहायचं तर इंग्लंडच्या फौजदारी कायद्यात डोकवावं लागतं. चर्चच्या माणसांवर राजाच्या कोर्टात खटला चालवायचा की नाही, यावरून दुसरा हेन्री राजा आणि कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट यांचं बिनसलं. ११७० मध्ये बेकेटचा त्याच्याच कॅथेड्रलमध्ये खून झाला, लोक संतापले आणि राजाला माघार घ्यावी लागली. त्यातून रुजलेल्या सवलतीचं नाव 'बेनिफिट ऑफ क्लर्जी', म्हणजे धर्मसेवकाला मिळणारी सवलत. राजाचं कोर्ट त्याला फाशी देऊ शकत नसे.

पण समोरचा माणूस धर्मसेवक आहे हे ओळखायचं कसं? कसोटी ठरली वाचता येण्याची, कारण तेव्हा वाचता येणारे बहुतेक चर्चचेच असत. आरोपीपुढे बायबल ठेवायचं आणि वाचायला सांगायचं, बहुधा एक्कावन्नाव्या स्तोत्राची सुरुवात: हे देवा, माझ्यावर दया कर. वाचलं की मान वाचली, म्हणून त्या ओळीला लोक 'मानेची ओळ' म्हणू लागले. ठरलेली ओळ असल्यावर काय होणार? अक्षरशत्रू चोरांनीही ती घोकून ठेवली. १४८९ मध्ये कायदा झाला की साध्या माणसाला ही सवलत आयुष्यात एकदाच, आणि ती घेतल्याची खूण म्हणून अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग. नाटककार बेन जॉन्सनने १५९८ मध्ये द्वंद्वात एका नटाला मारलं, तेव्हा तोही असाच ओळ वाचून आणि अंगठा भाजून सुटला.

स्त्रियांना पूर्ण सवलत मिळायला १६९० चं दशक उजाडावं लागलं. १७०६ मध्ये वाचनाची अट गेली आणि १८२७ मध्ये ही सगळी भानगडच रद्द झाली. इथे 'बेनिफिट'मध्ये दयेचा अंश उरला होता तो फक्त त्या स्तोत्राच्या शब्दांत. बाकी सगळा नियम, आणि नियमाला काढलेली पळवाट.

बक्षीस की पगार? क्रिकेटवाल्यांचा खटला

क्रिकेट पाहणाऱ्यांना 'बेनिफिट मॅच' माहीत असते. इंग्लंडमध्ये काउंटीसाठी वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या व्यावसायिक खेळाडूला एका सामन्याचं उत्पन्न दिलं जाई. (ऐंशीच्या दशकात आपण डोळे फाडून पाहिलेले शारजाचे सामनेही याच कल्पनेवर उभे होते, 'क्रिकेटर्स बेनिफिट फंड सिरीज' असंच त्या मालिकेचं नाव. मियांदादच्या षटकाराने इतकं झाकोळलं की त्यामागे आजीमाजी खेळाडूंसाठी थैली असे हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.)

केंट काउंटीच्या जेम्स सीमोरला १९२० च्या अशा सामन्यातून नऊशेहून अधिक पौंड मिळाले. प्राप्तिकर खात्याने विचारलं, यावर कर? प्रकरण थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९२७ मध्ये निकाल लागला की हा नोकरीचा मोबदला नाही. लोकांनी कौतुकाने दिलेली ती भेट आहे, कर नाही.

मग आला ब्रूस डूलंड, ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर, लँकेशरच्या लीगमधला व्यावसायिक. तिथे चांगली कामगिरी झाली की मैदानात टोपी फिरवून प्रेक्षकांकडून पैसे गोळा करायची रीत होती. डूलंडच्या करारातच लिहिलं होतं की ठरावीक धावा किंवा ठरावीक बळी झाले की अशी वर्गणी केली जाईल. १९५० च्या दशकात कोर्टाने सांगितलं, यावर कर भरा. पैसे टाकणारे प्रेक्षक तसेच खुशीने टाकत होते, कुणीही जबरदस्ती केली नव्हती. पण ती वर्गणी मागण्याचा हक्क खेळाडूला कराराने मिळाला होता.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की एक कसोटी हाती लागते. देणाऱ्याचं मन कसं होतं याने प्रश्न पूर्ण सुटत नाही. नाही मिळालं तर घेणाऱ्याला ते मागता आलं असतं का, हे बघावं लागतं.

सरकारी लाभात हा शब्द कसा शिरला?

इंग्लंडच्या कामगारांनी स्वतःच्या मदत मंडळ्या काढल्या होत्या. दर आठवड्याला काही पैसे पेटीत टाकायचे, आजारपणात किंवा मरणाच्या वेळी त्यातून रक्कम उचलायची. पेटीला बऱ्याचदा तीन कुलपं असत आणि किल्ल्या तिघांकडे, म्हणजे एकट्याला उघडता येऊ नये. या रकमेला ते 'बेनिफिट' म्हणत. धर्मादाय मदत घेणाऱ्याची नाचक्की होई, बेनिफिट घेणाऱ्याची होत नसे, कारण आपलेच पैसे होते.

१९११ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा आणला तेव्हा हाच शब्द उचलला. आरोग्य विम्यासाठी पुरुष कामगाराचे आठवड्याला चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. 'चार पेन्सांत नऊ पेन्स' अशी त्याची जाहिरात झाली. सामाजिक विम्यावरच्या १९४२ च्या सरकारी अहवालात विल्यम बेव्हरिज यांनी स्पष्टच लिहिलं की ब्रिटनच्या लोकांना सरकारकडून फुकट भत्ता नको आहे, त्यांना वर्गणीच्या बदल्यात बेनिफिट हवा आहे. कृपेसाठी निघालेला शब्द इथे येईपर्यंत कृपा नको म्हणणाऱ्यांचा झाला होता.

मुंबईशी याचा थेट धागा आहे. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये कारखान्यांतल्या बायांसाठी मातृत्व लाभाचा कायदा झाला, भारतातला अशा प्रकारचा पहिला. विधेयकावर १९२८ मध्ये कायदेमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू अशी मांडली की आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून भार मुख्यतः सरकारने उचलावा. पण मालक बायांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा जास्त फायदा असतो म्हणून, तेव्हा त्यानेही वाटा द्यावा. लाभ बाईला मिळतो आहे असं सगळे म्हणत असताना, आधी कुणाला मिळाला ते त्यांनी दाखवून दिलं.

'शब्दाचं मूळ उगाळून काय मिळणार?'

हा आक्षेप रास्त आहे. मूळ अर्थ 'कृपा' होता म्हणून आजही लाभार्थ्याने हात जोडावेत, असं कुणी म्हटलं तर तो वेडेपणा. शब्द मुळाला बांधलेले नसतात. वर आलेली प्रकरणं बघायची ती यासाठी की तेव्हाच्या लोकांनाही हाच पेच पडला होता आणि त्यांनी तो शब्दकोश उघडून सोडवला नाही. पोपना खुलासा करावा लागला, कोर्टांनी करार वाचला, कामगारांनी किल्ल्या वाटून घेतल्या.

'संशयाचा फायदा म्हणजे कोर्टाची मेहेरबानीच ना?'

बातमी तशीच वाचली जाते: गुन्हेगारच होता, पण सुटला. या शब्दप्रयोगात 'फायदा'ने आपलं बरंच नुकसान केलं आहे. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. ती पार पडली नाही तर सुटका हे आरोपीचं येणं असतं, न्यायाधीशाने खिशातून काढून दिलेलं काही नसतं.

शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ आपल्या कायद्यात शाबूत सापडतो तो वेगळ्याच ठिकाणी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये, आणि त्याआधी दंड संहितेच्या ९२ मध्ये, एखाद्याच्या भल्यासाठी त्याच्या संमतीशिवाय सद्‌भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण आहे. उदाहरण १८६० पासून तेच: एका माणसाला वाघ उचलून नेतो आहे, दुसरा वाघावर गोळी झाडतो, गोळी माणसालाच लागते आणि जखम प्राणघातक ठरते. गुन्हा नाही, कारण हेतू त्याच्या 'बेनिफिट'चा होता. आणि खाली स्पष्टीकरण जोडलेलं आहे की निव्वळ पैशांचा फायदा हा या कलमांपुरता बेनिफिट धरला जाणार नाही. आपल्या सरकारची थेट लाभ हस्तांतरणाची व्यवस्था, म्हणजे 'डायरेक्ट बेनिफिट ट्रान्सफर', २०१३ च्या १ जानेवारीला सुरू झाली. तिच्यातून जातो तो पैसाच.

मग लाडक्या बहिणीचे दीड हजार कशात मोडतात?

डूलंडची कसोटी लावून पाहू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये संसदेने केला. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिना ५ किलो धान्य हा त्यात हक्क म्हणून लिहिला आहे, आणि धान्य मिळालं नाही तर कलम ८ प्रमाणे त्याऐवजी अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. रेशन दुकानदार 'संपलं' म्हणाला म्हणून हिशेब संपत नाही.

लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या शासन निर्णयाने आली. २१ ते ६५ वयाच्या आणि अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायकांना महिना दीड हजार. पहिले हप्ते रक्षाबंधनाच्या सुमारास जमा झाले आणि भाषणांमधून त्याला ओवाळणी म्हटलं गेलं. ओवाळणी भाऊ राजीखुशीने घालतो, ताटात किती पडलं यावर बहीण दावा लावत नाही. योजना चालू आहे तोवर निकषांत बसणाऱ्या बाईला विनाकारण वगळलं तर ती दाद मागू शकते, मनमानी सरकारलाही करता येत नाही. पण निकष बदलायला, रक्कम कमीजास्त करायला किंवा योजनाच गुंडाळायला विधिमंडळात कायदा दुरुस्त करावा लागत नाही, नवा शासन निर्णय पुरतो.

त्यामुळे पुढच्या वेळी 'लाभार्थी' असा मथळा दिसला की खालच्या मजकुरात 'अधिनियम' लिहिलंय की 'शासन निर्णय', तेवढं शोधा. बहुतेक बातम्यांत दोन्ही सापडत नाही. मग तालुक्याच्या कचेरीत विचारायचं: हप्ता थांबला तर अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा?